गोठलेल्या द्राक्षांची वाइन

आमच्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर वसईचं. त्यांची धाकटी बहीण कॅनडात, टोरांटोजवळ राहते. लहानपणी नाताळच्या आधी आईनं चिनी मातीच्या बरणीत मुरत ठेवलेली वाइन दोघींनी पाहिलेली. काळ्या मनुका, साखर, मूठभर गहू, यीस्ट आणि पाणी. बरणीला फडकं बांधायचं, रोज लाकडी डावानं ढवळायचं आणि मुलांनी तिकडे फिरकायचं नाही. मनुकाच का? कारण आपल्याकडे एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि द्राक्षांचा खरा लोट बाजारात येतो तो फेब्रुवारी ते एप्रिल. नाताळची वाइन तर नोव्हेंबरातच घालायला हवी. मनुका म्हणजे एका अर्थी पाणी काढून टाकून साठवलेला हंगामच.

या बहिणीनं गेल्या फेब्रुवारीत हंगाम साठवण्याची दुसरी रीत वापरून पाहिली. उत्तर अमेरिकेत द्राक्षांची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. घरी वाइन करणाऱ्यांची संख्या तिकडे मोठी आहे, आणि सगळ्यांना त्याच दोन महिन्यांत सवड असते असं नाही. म्हणून काढणीच्या वेळी द्राक्षं देठ काढून, चुरडून, सालींसकट प्लास्टिकच्या बादल्यांत भरतात आणि गोठवून ठेवतात. ही बादली वर्षात केव्हाही विकत घ्यायची, वितळवायची आणि कामाला लागायचं. बहिणीनं कॅलिफोर्नियाच्या काळ्या द्राक्षांची वीस किलोची बादली आणली.

आठवड्याभरात बाई माझ्याकडे आल्या. त्या मराठी शिकवतात, म्हणून रसायनशास्त्राची चौकशी माझ्या वाट्याला. ‘‘अहो सर, बहीण विचारतेय, ती बादली फेकून द्यायची का? आधी साखर फार निघाली म्हणून तिनं पाणी घातलं, तर आता साखर कमी भरतेय. यीस्ट घालून चार दिवस झाले तरी ढिम्म. आणि तळाशी काचेचा चुरा सापडलाय म्हणे!’’

तिन्ही तक्रारींचं मूळ एकाच गोष्टीत होतं: द्राक्षं गोठली होती. गोठण्यानं रसाचं नेमकं काय होतं हे पाहिलं की तिन्ही कोडी सुटतात; आणि त्यातला बराचसा भाग आठवी ते बारावीच्या पाठ्यपुस्तकात आधीच आहे.

सुरुवात साखरेपासून करू. शुद्ध पाणी ०° सेल्सिअसला गोठतं. त्यात काही विरघळलेलं असेल तर गोठणबिंदू खाली जातो. एक किलो पाण्यात कोणत्याही अविद्युत्-अपघटनी पदार्थाचा एक मोल विरघळवला तर गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो, हे बारावीचे विद्यार्थी पाठ करतात. पिकलेल्या वाइन-द्राक्षांच्या रसात शेकडा २२-२३ भाग साखर असते. आपले द्राक्ष बागायतदार ‘ब्रिक्स किती’ म्हणून विचारतात, ते हेच माप. शंभर ग्रॅम रसात २२ ग्रॅम साखर आणि ७८ ग्रॅम पाणी धरलं, तर एक किलो पाण्यामागे साखर झाली सुमारे २८२ ग्रॅम. द्राक्षातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोन्हींचा रेणुभार १८०. म्हणजे १.५७ मोल. गोठणबिंदू उतरला २.९ अंशांनी. रसातली आम्लं आणि क्षार त्यात आणखी थोडी भर घालतात.

पण हा रस उणे तीन अंशांना सगळाच्या सगळा गोठत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. आधी गोठतं ते फक्त पाणी. बर्फाच्या स्फटिकात पाण्याचे रेणू ठरावीक रचनेत बसतात. साखरेच्या रेणूला तिथे जागा नसते. तो बाहेर, उरलेल्या द्रवात ढकलला जातो. द्रव अधिक गोड होतो, त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो, मग आणखी थोडं पाणी गोठतं. वितळताना हेच उलट घडतं. सर्वांत गोड भाग आधी सुटतो आणि जवळजवळ बिनसाखरेचा बर्फ शेवटपर्यंत तरंगत राहतो. बर्फाचा गोळा चोखून खाणाऱ्या कोणत्याही मुलाला हे ठाऊक आहे. सरबत आधी संपतं, हातात उरतो पांढरा फिका बर्फ.

बहिणीची बादली आता आकड्यांत मांडून पाहू. वीस किलो माल, २३ ब्रिक्स. सोपं जावं म्हणून सालीबियांचं वजन वेगळं धरू नये. साखर झाली ४.६ किलो. तिनं हायड्रोमीटर बुडवला तेव्हा मधोमध बर्फाचा मोठा गोळा होता. तो चार किलोचा धरू. मग द्रव उरला सोळा किलो आणि ४.६ किलो साखर जवळजवळ सगळी त्यातच. म्हणजे शेकडा २९! शिवाय हायड्रोमीटरवरच्या खुणा २० अंशांच्या द्रवासाठी आखलेल्या असतात आणि हा द्रव होता बर्फाइतका गार, दाट. म्हणजे चूक त्याच दिशेनं आणखी थोडी वाढली. २९ ब्रिक्सच्या रसातून फार कडक वाइन होईल, यीस्टही मध्येच दम तोडेल, असं समजून तिनं त्रैराशिक मांडलं आणि पाच लिटर पाणी ओतलं. त्रैराशिक बरोबर होतं. पण बर्फ वितळल्यावर चार किलो पाणी आपोआप मिसळणारच होतं. शेवटी पंचवीस किलो रसात ४.६ किलो साखर, म्हणजे १८.४ ब्रिक्स. नंतरचं तिचं माप साधारण हेच सांगत होतं.

आता उपाय? साखर घालणं. पंचवीस किलोचा रस पुन्हा २३ ब्रिक्सवर आणायला दीड किलो साखर लागते. अकरावीच्या मुलांनी हे समीकरण मांडून पाहावं. पण रंग, आम्ल आणि वास यांना पाण्यानं जी कात्री लागली ती साखरेनं भरून येत नाही. म्हणून नियम एकच: शेवटचा बर्फ वितळेपर्यंत थांबा, बादली तळापासून ढवळा, रस खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच मोजा. वितळल्यावर न ढवळता मोजलं तर उलटी चूक होते. गोड रस जड असल्यामुळे तळाशी बसतो आणि वरचा भाग फिका लागतो. थांबायला किती वेळ लागेल? एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात आणि बादलीत पंधरा-सोळा किलो पाणी आहे. साध्या खोलीत दोन-तीन दिवस सहज जातात.

जर्मनीत आणि कॅनडात याच गुणधर्मावर एक खास वाइन केली जाते. तिथे काही द्राक्षं मुद्दाम वेलीवरच ठेवतात आणि थंडीत गोठू देतात. जर्मनीत उणे ७, कॅनडात उणे ८ अंश किंवा त्याखाली तापमान गेल्यावर पहाटे ती तोडून गोठलेलीच पिळतात. पाणी बर्फ होऊन प्रेसमध्ये राहतं आणि मधासारखा दाट रस बाहेर येतो. बहिणीनं नकळत मापलेला द्रव याच जातीचा होता.

काचेच्या चुऱ्याची गोष्ट याहून मनोरंजक आहे. द्राक्षाचं मुख्य आम्ल टार्टारिक. आपल्या चिंचेची आंबटाई बरीचशी याच आम्लाची. द्राक्षाच्या रसात पोटॅशियमही भरपूर असतं. दोघांचा मिळून पोटॅशियम बायटार्टरेट हा क्षार होतो. तो गार पाण्यात फारच कमी विरघळतो, १०० मिलिलिटरमध्ये २० अंशांना अर्ध्या ग्रॅमच्या थोडा वर, तर उकळत्या पाण्यात याच्या दहापट. रस गोठवला की दोन्ही बाजूंनी कोंडी होते: तापमान उतरतं आणि पाणी बर्फात अडकल्यामुळे विरघळायला जागाही कमी. क्षार स्फटिक होऊन खाली बसतो. पुढे किण्वन होऊन अल्कोहोल तयार झालं की विद्राव्यता आणखी घटते, म्हणून वाइनच्या पिंपांच्या आतल्या बाजूलाही याची पुटं चढतात.

बाईंना मी सांगितलं, बहिणीला म्हणावं चिमूटभर चुरा धुऊन गरम पाण्यात टाक. काच असेल तर तशीच राहील. हा विरघळला तर त्या पाण्यात खायचा सोडा घाल. फसफसलं की समज, द्राक्षाचाच क्षार आहे. बेकिंग पावडरच्या जुन्या कृतीत सोड्याच्या जोडीला हाच क्षार असे. संध्याकाळी फोन आला. चुरा विरघळला होता आणि पाणी फसफसलं होतं. रसातलं आम्ल मात्र तेवढं कमी झालं, म्हणून गोठलेल्या द्राक्षांचा रस वितळल्यावर चवीला किंचित सौम्य लागतो.

हे स्फटिक विज्ञानाच्या इतिहासातही मानाच्या जागी बसले आहेत. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, टार्टारिक आम्लाच्या कुळातल्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली चिमट्यानं वेचून दोन ढिगांत घातले. एका ढिगातले स्फटिक दुसऱ्या ढिगातल्यांची आरशातली प्रतिमा होते. रेणूंनाही डावा-उजवा हात असतो, हे त्यातून कळलं. वाइन फसफसते ती सजीव यीस्टमुळे, हे ठामपणे मांडणारेही हेच पाश्चर.

आता यीस्ट. काळ्या द्राक्षावर पांढरट पावडरीसारखा थर दिसतो, त्याला पुष्कळ जण यीस्ट समजतात; मीही समजत असे. तो मेणाचा थर आहे. यीस्टच्या पेशी सालीवर असतात खऱ्या, पण डोळ्यांना दिसण्याइतक्या नव्हे, आणि त्यांतही वाइनला शेवटपर्यंत नेणारी सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ही जात धडधाकट द्राक्षावर विरळाच. बाकीच्या जाती सुरुवातीला उत्साह दाखवतात आणि अल्कोहोल थोडं वाढलं की मरतात. गोठवण्यानं या सगळ्याच पेशींना मार बसतो. बऱ्याच मरतात, उरतात त्या अर्धमेल्या. सगळ्या मात्र मरत नाहीत. फ्रीझर म्हणजे प्रेशर कुकर नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावं. म्हणून गोठलेल्या द्राक्षांत विकतचं, कोरडं यीस्ट घालावंच लागतं. त्याच्या एका ग्रॅममध्ये हजार कोटींच्या आसपास पेशी असतात.

बहिणीनं यीस्ट घातलं होतंच. पण बादली अजून आठ-दहा अंशांवर असताना तिनं ते कोरडंच वर भुरभुरवलं होतं. वाळलेली पेशी पाणी शोषून घेताना तिचं बाहेरचं पटल काही मिनिटं गळकं असतं. त्या वेळी ती थंड, आंबट, गोड रसात पडली तर आतला मालमसाला बाहेर झिरपतो. रीत अशी: ३५ ते ४० अंशांच्या कोमट पाण्यात यीस्ट पंधरा-वीस मिनिटं भिजवायचं, मग त्यात बादलीतला रस थोडा थोडा घालत तापमान उतरवायचं, आणि बादली १८-२० अंशांवर आल्यावर ते ओतायचं. दुसऱ्या पुडीनं तिनं असं केलं, बादलीभोवती ब्लँकेट गुंडाळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बादली बोलू लागली.

गोठवण्यात एक मोठा फायदाही आहे. पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगतं. घरगुती फ्रीझरमध्ये गोठणं सावकाश होतं, त्यामुळे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. काळ्या द्राक्षांचा रंग सालीच्या पेशींत कोंडलेला असतो. बहुतेक जातींचा गर बिनरंगाचाच. ताज्या द्राक्षांत हा रंग रसात उतरायला दिवस लागतात, गोठून वितळलेल्या द्राक्षांत काही तासांत उतरतो. मात्र पेशी फुटल्यावर रस तपकिरी करणारं विकरही मोकळं होतं, तेच, जे कापलेल्या सफरचंदाला काळं करतं. थंडीनं ते मरत नाही, फक्त झोपतं. म्हणून वाइन करणारे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. घरी स्क्वॅश-सिरप करणाऱ्या गृहिणी त्याला केएमएस म्हणतात. लिटरला दशांश ग्रॅमही लागत नाही. दमा असणाऱ्यांनी त्याच्या वाफेपासून दूर राहावं.

बादल्यांबरोबर तिकडे नुसता रसही मिळतो, गोठवलेला किंवा थंड. दुकानातल्या खोक्यातल्या रसाचं काय? त्याची कथा १८६९ पासून सुरू होते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात थॉमस ब्रॅमवेल वेल्च नावाचे दंतवैद्य होते. चर्चमधल्या विधीसाठी त्यांना न आंबणारा द्राक्षरस हवा होता. पाश्चरांची कल्पना उचलून त्यांनी भरलेल्या बाटल्या गरम पाण्यात तापवल्या. यीस्ट मेलं, रस टिकला. असा तापवलेला रस यीस्ट घातलं तर नीट आंबतो. पण वेष्टनावर आयएनएस २०२ किंवा २११ असा आकडा असेल तर आंबणं कठीण. पहिलं पोटॅशियम सॉर्बेट, दुसरं सोडियम बेंझोएट. दोन्ही यीस्टला वाढू देत नाहीत. पूर्ण खोकी आंबत घालून आठवडाभर वाट पाहणारे पुष्कळ असतात. आकडा आधी वाचला असता तर वेळ आणि पैसे वाचले असते.

एकदा सुरुवात झाली की हिशोब सरळ आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथाइल अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू. १८० ग्रॅमपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल, ८८ ग्रॅम वायू. लिटरला २२० ग्रॅम साखर असलेल्या रसापासून कागदावर १४ टक्के अल्कोहोल निघतं. प्रत्यक्षात १३ च्या आसपास, कारण यीस्टला स्वतःचं अंगही वाढवायचं असतं आणि ग्लिसरॉलसारखे इतर पदार्थही होतात.

वायूचा आकडा मात्र थक्क करतो. त्या एका लिटर रसातून सुमारे ६० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. बहिणीच्या बादलीतल्या मूळच्या ४.६ किलो साखरेपासून बाराशे लिटरच्या वर. तो आठ-दहा दिवसांत सुटतो, खोलीची खिडकी किलकिली असेल तर धोका नाही. पण हा वायू हवेपेक्षा जड. बादलीवर वाकून वास घेतला तर नाकात झिणझिण्या येतात. मोठ्या कारखान्यांत टाकीत उतरलेली माणसं यानं गुदमरून मेली आहेत.

आणि बाटली बंद केली तर? शॅम्पेनसारख्या फसफसत्या वाइनची जाड बाटली साधारण सहा वातावरणांचा दाब सहन करते. तेवढा दाब यायला लिटरमागे फक्त २४ ग्रॅम साखर पुरते, म्हणजे पाच चमचे. साधी काचेची बाटली त्याच्या कितीतरी आधी फुटते. घरच्या वाइनमध्ये कुणी जखमी होतं ते बहुतेक अशा घट्ट बुचाच्या बाटलीनं. म्हणून तोंडाला नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्यात बुडवतात. वायू बाहेर पडतो, हवा आत येत नाही. चुन्याची निवळी दुधाळ करण्याच्या प्रयोगातली मांडणी, तीच. हवा आत आली तर ॲसिटोबॅक्टर जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. पहिल्या आठवड्यात साली वायूबरोबर वर येऊन जाड थर होतो, तो दिवसातून दोनदा खाली दाबावा लागतो. नाहीतर व्हिनेगरची सुरुवात तिथूनच.

वर्गात हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: मग दारू पिऊन माणसं मरतात कशी? मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली. ती किण्वनाची करणी नव्हती. त्या दारूत मिथेनॉल हे औद्योगिक अल्कोहोल मिसळलेलं होतं. द्राक्षांच्या पेक्टिनपासून किण्वनातही मिथेनॉल होतं, पण अत्यल्प. या उत्तराला बगल देऊ नये. मुलांच्या वस्तीत हा प्रश्न पुस्तकी नसतो. दुसरंही स्पष्ट सांगावं: कॅनडात आणि अमेरिकेत प्रौढांना घरापुरती वाइन करायला मुभा आहे, अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा शाळेत करायचे ते प्रयोग पिण्याचे नव्हेत, पाहण्याचे.

दोन प्रयोग सहज होतात. पहिला: फेब्रुवारी-मार्चमध्ये काळ्या द्राक्षांचा गाळलेला रस प्लास्टिकच्या पेल्यात तीन चतुर्थांश भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा. सकाळी तो गोळा गाळणीत ठेवून खाली टपकणारा रस तीन भागांत वेगवेगळा गोळा करावा. तिन्ही नमुने खोलीच्या तापमानाला आले की प्रत्येकाचे बरोबर १० मिलिलिटर मोजून वजन करावं. साखर २२ टक्के असेल तर वजन १०.९ ग्रॅमच्या जवळ भरतं, १० टक्के असेल तर १०.४ च्या. शाळेचा तराजू एवढा फरक दाखवतो. पहिला आणि तिसरा नमुना कोणता, हे मुलांना न सांगता रंगावरून ओळखायला लावावं.

दुसऱ्यासाठी तीन लहान बाटल्या हव्यात. एकीत ताजा रस आणि कोमट पाण्यात भिजवलेलं बेकरीचं यीस्ट, दुसरीत २०२ किंवा २११ आकडा असलेला खोक्यातला रस आणि तेवढंच यीस्ट, तिसरीत उकळून गार केलेला ताजा रस, यीस्टशिवाय. तोंडाला फुगे बसवावेत, बूच कधीही लावू नये. रस ५० मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये, तेवढ्यानंही दोन लिटरच्या वर वायू निघू शकतो आणि फुगा उडतो. कोणता फुगा किती तासांनी उभा राहिला याची नोंद ठेवावी. प्रयोग संपला की रस शिक्षकांनी स्वतः मोरीत ओतावा आणि बाटल्या त्याच दिवशी गरम पाण्यानं धुवाव्यात. एका वर्षी शनिवारी त्या तशाच राहिल्या आणि सोमवारी आमच्या वर्गात चिलटांनी मुलांच्या आधी हजेरी लावली होती.